बहगतचं वायरीशी वैर

बहगतला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कमरेपर्यंत आमच्या टीव्हीत होता. बाहेर होते ते फक्त पाय, आणि माझी बायको त्या पायांना चहात साखर किती हे विचारत होती. पाय म्हणाले, चार चमचे. मग टीव्हीतून एक हात आला, ग्लास आत घेऊन गेला आणि रिकामा बाहेर ठेवून गेला. बऱ्याच वेळाने उरलेला माणूस निघाला. उसाच्या चिपाडाएवढी जाडी, कानामागे टेस्टर, गळ्यात वायरींचं भेंडोळं. त्याने माझा हात हातात घेतला मात्र, मला असा झटका बसला की माझ्या मिशा ताठ झाल्या, गल्लीतले दिवे गेले आणि कालव्यापलीकडे कुणाचं तरी तीन वर्षं बंद पडलेलं धुलाई यंत्र सुरू झालं. निदान शाळेत मुलांना मी तसंच सांगत आलोय.

"मास्तर, टीव्ही ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रोग वायरीत आहे. जगातले निम्मे रोग वायरीत असतात."

"आणि उरलेले?"

"ते वायरीच्या टोकाला."

आमच्या कफ्र शिहाब गावात सगळे त्याला बाशमुहंदिस म्हणत. हा मान खरं तर इंजिनियरचा. बहगतने तांता शहरातल्या तंत्रशाळेत दोन वर्षं काढली होती आणि मग लष्कराने त्याला दळणवळणाच्या तुकडीत घातलं होतं. तिथे चौदा महिने त्याने टेलिफोनच्या वायरीचं रीळ पाठीवर घेऊन सिनाईचं वाळवंट तुडवलं. परत आला तो दोनच गोष्टी घेऊन: एक पाठदुखी आणि दुसरं वायरीशी वैर. पाठदुखीवर त्याची आई मोहरीचं तेल चोळायची. वैरावर उपाय त्याला चिनी दुकानदारांकडे सापडला. टपालाच्या तिकिटाएवढ्या हिरव्या पट्ट्या, प्रत्येकीला स्प्रिंगसारखी शेपूट. एक बोलते, दुसरी ऐकते. दोन यंत्रांमधली केबल उपटून फेकायची आणि दोन्ही टोकांना एकेक पट्टी डाख देऊन बसवायची, की संपलं.

वर्षभरात त्याने गावातली बरीचशी केबल उपटली. बेकरीतल्या वजनकाट्याची, पीठगिरणीची, आमच्या शाळेच्या घंटेची. घंटा झकास वाजायची. फक्त एकदा भर परीक्षेत आपोआप वाजली आणि मुलं पेपर टाकून घरी पळाली. आम्ही पोट धरून हसलो. नेमक्या त्याच वेळी बेकरीवाला काट्यावर मैद्याचं पोतं ठेवत होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

इन्शिराहबाईंकडे त्याला मीच नेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला नको.

इन्शिराहबाई म्हणजे सब्रीची विधवा. सब्रीमागे त्यांना मातीच्या विटांचं जुनं उबवणीघर मिळालं: मधे बोळ, दोन्ही बाजूंना भट्ट्या, आणि प्रत्येक भट्टीला माणूस जेमतेम रांगत जाईल एवढं तोंड. गावाने अंडी आणून द्यायची, एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन जायची. ऊब बघायचं काम अम्म दियाबचं. अम्म म्हणजे काका, पण तो कुणाचा काका हे त्यालाही माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तो दिवसातून पाच वेळा भट्टीत रांगत जाई, एक अंडं उचलून मिटलेल्या पापणीवर टेकवी आणि म्हणे, "ठीक आहे," किंवा, "अर्धी चिमूट जास्त." चिमूट हे त्याचं माप कुणालाच कळलं नाही, पण पिल्लं मात्र निघत.

मागच्या शरद ऋतूत एका सकाळी त्याचा अर्धा चेहरा लुळा पडला. डावी पापणी मेली. तो उजवीने बघू लागला, पण चाळीस वर्षं सगळं डावी शिकली होती, उजवी अडाणी राहिली होती. त्या महिन्यात एक अख्खी भट्टी त्याने शिजवली. गावात विनोद सुटले. चहाच्या दुकानात पोरं त्याला उकडलेलं अंडं देऊन विचारायची, "अम्म, हे किती चिमूट?" तो ते खाऊन टाकायचा. पण लोकांनी इन्शिराहबाईंना बजावलं होतं: वसंतातला हंगाम, शम्म अल-नसीमच्या सणाआधीची उबवणी, तेवढी एक तुमच्याकडे. ती चुकली तर अंडी कालव्यापलीकडे, तुमच्या दिराकडे. रिफाई, त्यांचा दीर, माणूस वाईट नव्हता. त्याच्या भट्ट्या चालत होत्या, एवढाच त्याचा गुन्हा.

बहगतने आधी केबलचंच यंत्र बसवलं. भट्टीत तापमान मोजणारी डबी, बाईंच्या ओसरीवर आकडा दाखवणारी पेटी, आणि दोघींमध्ये भट्टीच्या तोंडातून बाहेर येणारी सिरियल केबल. उंदरांनी ती दोनदा खाल्ली. तिसऱ्यांदा अम्म दियाब तिच्यात अडकून पडला आणि त्याने बहगतच्या सात पिढ्यांची आठवण काढली. बहगतला तेवढंच हवं होतं. त्याने केबल उपटली, पट्ट्या बसवल्या. भट्टीतल्या डबीला वीजही त्याच केबलमधून जायची, म्हणून तिला आता मोबाइलची जुनी बॅटरी लावली. ती दहा दिवस टिकेल, तो म्हणाला.

"आणि मध्येच संपली तर?" इन्शिराहबाईंनी विचारलं. बाई हुशार होत्या.

बहगत खुश झाला. त्याने भट्टीत रांगत जाऊन बॅटरी काढली. ओसरीवरचा आकडा विझला, तिथे चार आडव्या रेघा आल्या. बॅटरी घातली, आकडा परत आला. त्याने हे तीनदा करून दाखवलं.

"आकडा दिसतोय तोवर डबी जिवंत आहे, बाई. रेघा दिसल्या की मला हाक मारा."

बाईंनी मान हलवली. मीही हलवली. अम्म दियाबने तेवढी हलवली नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही कळण्याचे दिवस गेले होते.

वसंत आला. आठ-नऊ हजार अंडी त्या एकाच भट्टीत गेली, त्यात आमच्या घरची ऐंशी. पेटीवर ३७.७ असा आकडा झळकू लागला. बाया भाजी निवडायला मुद्दाम त्या ओसरीवर बसत आणि आकड्याकडे बघून निघून जात.

पंधराव्या दिवशी रिफाईने बहगतला बोलावलं. त्यालाही तसलंच यंत्र हवं होतं. बहगतने दुसऱ्या दिवशी बसवलं. मी कालव्याच्या पुलावर भेटलो तेव्हा तो मला आनंदाने समजावत होता. म्हणे, या पट्ट्या कारखान्यातून येतात तेव्हा सगळ्यांचा वाहिनी-क्रमांक एकच असतो, पाहिजे तर प्रत्येक जोडीला वेगळा देता येतो.

"मग तू देतोस?"

"कशाला? गॅसच्या टाकीसारखं ठेवलंय, मास्तर. तुमची टाकी माझ्या शेगडीला बसते की नाही? तसंच. कुणाचीही डबी मोडली तर कुणाचीही लावा, चालेल. मी मेलो तरी गावाचं अडणार नाही."

मला ते इतकं पटलं की मी वर्गात सांगितलं.

त्याच संध्याकाळपासून इन्शिराहबाईंच्या आकड्याला उचकी लागली. ३७.७, मग ३८.०, परत ३७.७. बहगत आला, पेटीवर टिचकी मारली, आकाशाकडे बघितलं. क्षितिज पिवळं पडलं होतं. म्हणाला, खमसीन येतोय, हवा जड झालीय. हे कुणालाही पटलं असतं. खमसीनच्या वाऱ्यात आमच्याकडे लग्नंसुद्धा मोडतात.

सतराव्या दिवशी वारा आला. गरम, धुळीचा, दार लोटून घरात शिरणारा. भट्टीत धूळ जाऊ नये म्हणून तिचं तोंड नेहमीपेक्षा एक दिवस आधीच गोणपाट आणि चिखलाने बंद केलं. शेवटच्या दिवसांत अंडी फिरवायची नसतात, त्यामुळे नाहीतरी ते बंदच करतात. पूर्वी अम्म दियाब तरीही कोपरा सोडवून आत जायचा. या वेळी बाईंनी मना केलं. पेटी आहे ना, कशाला ऊब सांडायची. बाहेर उकाडा मरणाचा, म्हणून भट्टी तापवणाऱ्या शेगडीची ज्योत अगदी बारीक केली. बॅटरी बदलायला आलेला बहगत तोंड बंद बघून पेटीपाशी गेला. आकडा होता. रेघा येतील तेव्हा उघडू, असं ठरलं. ते ठरवताना मी तिथेच होतो आणि मला त्यात काहीही खटकलं नाही.

त्याच रात्री आकड्याची उचकी थांबली. सकाळी पेटी शांत होती, ३७.७, एका ठिपक्याचा फरक नाही. सगळ्यांना बरं वाटलं. बाईंनी बहगतच्या आईकडे तुपात भिजलेली फतीरची रोटी पाठवली.

अठराव्या दिवशी दुपारी वारा उलटला. खमसीननंतर येतो तसा गारठा आला, बायकांनी ट्रंकेत ठेवलेल्या शाली परत काढल्या. ज्योत बारीकच होती. वाढवायचं कारण नव्हतं, आकडा ३७.७ होता. एकोणिसाव्या दिवशीही तोच.

विसाव्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना डोकावलो. अम्म दियाब भट्टीच्या तोंडाशी बसला होता, गोणपाटाला कान लावून. मी म्हटलं, अम्म, आता कानाने मोजताय काय. तो हसला नाही. मग मला आठवलं की विसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज येतो. कवचाच्या आतून, हजारो, इतका की बोळात बोललेलं ऐकू येत नाही. बोळात माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आवाज आलाच नाही," तो म्हणाला.

त्याने गोणपाट ओढलं. ओसरीवरून इन्शिराहबाई धावत आल्या, त्याचा हात धरू लागल्या. अजून एक दिवस आहे, ऊब जाईल, आकडा बघा, आकडा बरोबर आहे. तो आत रांगत गेला आणि एक अंडं घेऊन बाहेर आला.

"बाई, डोळा मिटा."

त्यांनी मिटला. त्याने ते त्यांच्या पापणीवर टेकवलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः कधी असं बघितलं नव्हतं, पण शिकायची गरज पडली नाही. त्या तशाच डोळा मिटून उभ्या राहिल्या.

मी बहगतला आणलं. तो अंगातल्या गंजीफ्रॉकवरच आला, थेट भट्टीत शिरला आणि डबी हातात घेऊन बाहेर आला. तिचा दिवा विझलेला होता. बॅटरी फुगून पावासारखी झाली होती. त्याने ती काढली आणि डबी तशीच घेऊन ओसरीवर गेला. आम्ही मागे गेलो. त्याच्या हातात मेलेली डबी होती आणि समोर पेटीवर ३७.७ झळकत होतं. बघता बघता ३७.८ झालं.

बहगतने पेटीकडे बघितलं, डबीकडे बघितलं, आणि मग हळूच मान वळवून कालव्यापलीकडे बघितलं. दीडशे पावलांवर रिफाईच्या धुराड्यातून सरळ धूर वर जात होता.

"हा रिफाईंचा आकडा आहे," तो म्हणाला.

मला शाळेची घंटा आठवली.

इन्शिराहबाईंनी विचारलं, "म्हणजे माझ्या रेघा येणारच नव्हत्या?"

"नाही," बहगत म्हणाला. "तिथली डबी चालू असेपर्यंत नाही."

अम्म दियाबने ज्योत मोठी केली. त्याला माहीत होतं, तरी केली. दुसऱ्या दिवशी लोक करंड्या घेऊन आले, कुणी आवाज चढवला नाही, आणि करंड्या घेऊन पुलावरून पलीकडे रिफाईकडे गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बहगत मला नंतर म्हणाला. त्या आठवड्यात त्याने गावातली प्रत्येक पट्टी काढून वेगळा क्रमांक दिला. रिफाईच्या डबीलाही दिला. त्याबद्दल कुणाकडून काही घेतलं नाही, आणि घराघरांत त्याला चहाही कुणी विचारला नाही.

दोनशे अकरा पिल्लं निघाली. जूनमध्ये इन्शिराहबाईंनी उबवणीघर दिराला विकलं. बहगत तांतामध्ये मोबाइलची कव्हरं विकतो. त्या भट्ट्यांमध्ये रिफाई कांदे ठेवतो.