प्रार्थना अर्ध्यावर थांबवणारा माणूस

अँब्युलन्स चालवणाऱ्या माणसाला सगळी वस्ती 'सावकाशराव' म्हणायची, यातच त्यांची अर्धी ओळख आली. गाडी ते जोरातच हाकायचे, पण गतिरोधक आला की अशी अलगद पलीकडे न्यायचे की मागच्या पेशंटला पत्ता लागू नये. घरी मात्र हा सावकाशपणा बायकोच्या डोक्यात जायचा. काकू शिवणकाम करायच्या, मशीनसारख्याच भरभर बोलायच्या आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "यांना हाक मारली की उत्तर यायला दुपार होते," असं त्या शेजारणींना सांगायच्या. तरीही संसार झकास चालला होता.

दोघंही मोठे भाविक. गाडी प्रार्थनाघराची, वर्गणीतून घेतलेली, आणि ती चालवणं हीच आपली सेवा असं सावकाशराव मानायचे. पेशंट कोणत्या धर्माचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. असं काही विचारायचं असतं, हेच त्यांच्या गावी नव्हतं.

ते शिकवायला नवे प्रवचनकार आले. वाणी रसाळ, आवाज भारदस्त, आणि विषय कोणताही असो, गाडी शेवटी 'त्या लोकांवर' घसरायची. सुरुवातीला लोकांनी या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. मग तरुण पोरांना चेव चढला, आणि एका सभेत ठराव आला की अँब्युलन्स यापुढे फक्त आपल्या माणसांसाठी. सावकाशराव उभे राहिले आणि म्हणाले, "हे मला जमणार नाही." बाकी सगळे मूग गिळून बसले. ठराव झाला. बाहेर आल्यावर मात्र एकेकाने हळूच त्यांचा खांदा दाबला. "बोललात ते अगदी बरोबर हो, पण उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा?"

"खांदा दाबायला एवढे जण, आणि तोंड उघडायला एकटे तुम्ही!" काकू घरी येऊन कडाडल्या. सावकाशराव नुसते हसले. काकूंना ते हसू बोचलं. सभेत त्याही बसल्या होत्या, आणि त्यांनीही ब्र काढला नव्हता.

पुढच्याच प्रार्थनेची गोष्ट. सभागृह गच्च भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. काकू मधल्या रांगेत होत्या. आपलं माणूस अजून कसं आलं नाही म्हणून त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना दार उघडलं आणि सावकाशराव आत आले, हातात गाडीची चावी आणि पायात चपला तशाच. इतक्या वर्षांत या माणसाने उंबऱ्याच्या आत चप्पल आणली नव्हती.

"माफ करा," ते म्हणाले. "समोरच्या इस्त्रीवाल्याच्या छातीत कळ आली आहे. मी त्याला गाडीत घातलंय, त्याची मुलगी जवळ आहे. पण आपली चार पोरं गेट लावून उभी आहेत. त्याला खाली उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाही म्हणतात."

इस्त्रीवाला 'त्या लोकांपैकी' होता.

"आधी प्रार्थना पुरी होऊ द्या," प्रवचनकार माइकवरून शांतपणे म्हणाले. "मग बघू."

"देव थांबेल हो. त्या माणसाला थांबता येत नाही." सावकाशरावांनी पाठ फिरवली आणि ते लोकांकडे वळले. "मी एकटा भांडत बसलो तर मारामारी होईल आणि वेळ जाईल. तुम्ही काही करू नका. फक्त बाहेर येऊन उभे राहा. आज आपल्या सगळ्यांच्या अंगावर त्याच्याच हातची इस्त्री आहे."

कोणी हललं नाही. एकदोघांनी आपल्या बाहीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काकूंच्या मनात आलं, याच बायका आपल्याकडे कपडे शिवायला टाकतात. उद्या एकीनेही टाकले नाहीत तर? मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भर सभागृहात तो माणूस एकटा उभा होता आणि कोणावरही चिडलेला नव्हता. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला गं," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, पण निघाला. "प्रार्थना आल्यावर करू."

शेजारीण उठली. पलीकडे खजिनदार उठले, जे आजवर प्रत्येक ठरावाला नुसता हात वर करत. मग एकदम सतरंज्यांवर सरसर आवाज झाला आणि सगळी गर्दी दाराकडे निघाली.

गेटवरची पोरं छाती काढून उभी होती. आपलीच माणसं अनवाणी चालून येताना पाहून ती गोंधळली. एकाला गर्दीत आई दिसली.

"आई, तू आत जा!"

"आतूनच आले मी," ती म्हणाली. "काढ कडी."

त्याने इतरांकडे पाहिलं. इतर आपापल्या काका-मामांची नजर चुकवत होते. कडी निघाली, गाडी बाहेर पडली आणि लोकांनी दोन्ही बाजूंना सरून वाट दिली. प्रवचनकार आत एकटेच माइकपाशी उभे होते.

इस्त्रीवाला वाचला. संध्याकाळी सावकाशराव घरी आले तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "लोक उठतील अशी खात्री होती तुम्हाला?"

"छे! अजिबात नव्हती."

"मग आत आलात कशाला?"

चपला काढता काढता ते म्हणाले, "कोणी उठणार नाही याची त्या पोरांना खात्री होती ना. अगं, ती आपणच दिली होती त्यांना. आपणच काढून घ्यायला नको?"

नवऱ्याच्या अभिमानाने काकूंचा ऊर भरून आला, आणि थोडा स्वतःचाही अभिमान वाटला. तो त्यांनी लपवलाही नाही. पुढच्या आठवड्यात मधली रांग सोडून त्या थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, प्रवचनकारांच्या अगदी समोर.