पुरुषावरची टिक मी काढली नाही

सोमवारी यवतमाळला इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो, सोबत आई. मी राळेगावला एका जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर आहे. आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... जन्मलो मुलगी म्हणून, आता कागदोपत्रीही पुरुष आहे.

डॉक्टरांनी गर्भाशय काढायचं ऑपरेशन सांगितलंय, माझ्या ट्रान्झिशनचाच तो भाग. नागपूरच्या हॉस्पिटलने तारीख दिली, पॉलिसीत हे ऑपरेशन बसतंही... पण कंपनीने मंजुरी नाकारली. का, तर पॉलिसीवर लिंग पुरुष, आणि पुरुषाला गर्भाशय नसतं!

टेबलावरचे साहेब तसे भले. बसा म्हणाले, पाणी दिलं. मग हळूच एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. "एवढं 'स्त्री'वर टिक करून द्या, आजच पाठवतो. सिस्टिमला तेवढंच पाहिजे."

खरं सांगतो, हात पेनाकडे गेला होता. त्या तारखेची किती वाट पाहिली ते माझं मला माहीत. एक टिक... कोणाला कळणार होतं?

पण तो 'पुरुष' मिळवायला मी कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात. आणि ज्याच्यासाठी ऑपरेशन, तेच खोडायचं? डोकंच फिरलं माझं.

आमच्या जिनिंगवर एक रिवाज आहे. गाडीतला कापूस परत करायचा तर ग्रेडरने चिठ्ठीवर कारण लिहायचं आणि खाली सही करायची... ओल जास्त, कचरा जास्त, जे असेल ते. नुसतं 'चालत नाही' म्हटलं तर शेतकरी गाडी हलवत नाही, आणि बरोबरच करतो.

मीही तेच केलं. फॉर्म परत सरकवला आणि म्हटलं, "पुरुषाला गर्भाशय नसतं, असं लेटरहेडवर लिहून द्या. खाली सही-शिक्का. मी समोर बसलोय, सोनोग्राफी टेबलावर आहे."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. वरच्या ऑफिसला फोन लावला, तर तिकडेही लिहून द्यायला कोणी तयार नाही...

दुपार झाली. आईने पिशवीतून भाकर-ठेचा काढला, तिथेच बाकड्यावर. शिपाई म्हणाला, इथे जेवायचं नाही. ती म्हणाली, "काहून? साहेब लिहून देत नाही तंवर आमी कुठी जाऊन राह्यलो? घ्या, तुमी बी घ्या थोडं."

मी केस कापले होते तेव्हा याच आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. म्हणून तिला तिथे पोटभर जेवताना पाहून मला भरून आलं.

साडेतीनला साहेबांनी पत्र लिहिलं. नकाराचं नाही... फेरविचार करा म्हणून वरच्या ऑफिसला. मी वाचून घेतलं. वर 'लिंग : पुरुष', खाली 'शस्त्रक्रिया : गर्भाशय काढणे'. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीवर.

मंजुरी अजून आलेली नाही. येत्या सोमवारपर्यंत आली नाही तर मी पुन्हा तिथेच जाऊन बसणार आहे. सिस्टिमला बदलायला लागेल तेवढा वेळ तिने घ्यावा, टिक मी बदलणार नाही.

आईचे आभार मानायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय. ती आत्ताच विचारून गेली... "सोमवारी भाकरी जास्तीच्या टाकू काय? त्या शिपायाले ठेचा आवडलता."