सोंग माझं, आवाज कुणाचा?

मंडळी, आधीच सांगते: भूत, देवी, अंगात येणं यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे काय, मला त्याचा गर्व होता! लग्न होऊन बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला आले तेव्हा मी सातवी पास. सासूबाईंच्या अंगात देवी यायची आणि मी शेजारच्या बायकांना ऐटीत सांगायची, "ते हिस्टेरिया असतंय." हा शब्द रविवारच्या पुरवणीत वाचलेला, अर्थ धड ठाऊक नाही. एकदा तर देवीला झोंबतंय का बघायला मी प्रसादाच्या गुळात तिखट कालवलं. देवीने गूळ गिळला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून शब्द नाही. एवढी मी धीट... आणि अंधार पडला की परसाकडे जायला नणंदेचा पदर धरायची. अशी ती शहाणी बाई.

तर घटना २००९-१० सालची, भर दुपारची, आमच्याच अंगणातली.

आमचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. आता मुलाचं, माणिकचं, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. घरामागच्या वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात, हौसेपुरती मेंढरं. त्याची लेक रेणू बिदरला, मैलूर भागात खोली करून कॉम्प्युटर शिकत होती. आई लहानपणीच गेलेली, म्हणून माझ्याच हाताखाली वाढलेली.

ही रेणू एकटी नाही. "आज्जी, ह्या अंगात आम्ही तिघं राहतो," असं तिने मला सरळ सांगितलं होतं. एक ती स्वतः. दुसरा शिवा, शांत पोरगा. रेणू घाबरली की तो पुढे होतो. आणि तिसरी लांडगीण. लांडग्यासारखी नव्हे हो, लांडगीणच. माणसाच्या अंगात राहते एवढंच. इंटरनेटवर असे लोक पुष्कळ आहेत म्हणे, एका अंगात अनेक, नाहीतर आतून जनावर. त्यांच्या फोरमवर ही गोष्टी लिहायची, लांडगिणीची चित्रं काढून टाकायची. तिथेच तिला हैदराबादची एक मुलगी भेटली होती, आणि लग्न केलं तर तिच्याशीच, हेही माझ्या कानावर घालून ठेवलेलं.

मी काय म्हणणार? म्हटलं, "तिघं हाव तर भाकरी किती थापू?"

"दोनच थाप. तिसरीला मटण लागतंय."

दोघी हसलो, विषय संपला. शिवा समोर असला की चहात साखर नको असायची, लांडगीण असली की पाठीमागून हाक मारायची नाही. एवढं सांभाळायला काय लागतं?

पण दिवाळीला ती घरी आली आणि लॅपटॉप उघडा राहिला. माणिकने चित्रं बघितली, हैदराबादच्या मुलीचे मेसेज वाचले, आणि घर डोक्यावर घेतलं. "मेंढरं राखणाऱ्याच्या घरात लांडगा! लोक तोंडात शेण घालतील!"

लॅपटॉप कपाटात, कपाटाला कुलूप. कॉलेज बंद. निंबर्ग्याच्या एका मुलाकडे लग्नाचा निरोप गेला आणि देवऋषीलाही सांगावा गेला. आधी आतलं काढायचं, मग अक्षता टाकायच्या.

रेणू हात जोडून म्हणाली, "अप्पा, कामून काढायलाव त्यांना? ते गेले तर मी तरी कुठं उरते?"

माझं डोकंच फिरलं. "माणक्या, तुझा काका मैलारच्या, खंडोबाच्या जत्रेत वाघ्या होऊन भुंकतोय. चारी पायावर होऊन लाकडी कोटंब्यातलं तोंडानं खातोय. तू त्याच्या पाया पडतोस, भंडारा लावून घेतोस! तो झाला की देवाचं कुत्रं, आणि ही झाली की भूत? कुणाला चावली का ती?"

"ते देवाचं हाय, माय. हे कॉम्प्युटरमधून आलंय."

"मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलव की! देवऋषी कशाला आणायलास?"

वादात हरला की आमच्याकडे पुरुषमाणूस चप्पल घालून बाहेर जातो. गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवऋषी आला. लिंबाखाली शेगडी पेटवून त्याने मिरच्यांची धुरी केली आणि माणिकने रेणूला धरून त्या धुरावर वाकवलं. ती खोकून खोकून कासावीस झाली. मग हिसडा देऊन सुटली, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि दात दाखवले. लांडगीण पुढे आली होती, आपल्या पोरीला वाचवायला. वाडग्यातली मेंढरं, ज्यांनी आधी घाबरायला हवं, ती निवांत रवंथ करत होती. घाबरली फक्त माणसं.

"चवताळलं बघा!" देवऋषी म्हणाला. "सळई तापवा."

आणि माझ्या पोटच्या पोराने सळई शेगडीत घातली.

तेव्हा मी ठरवलं. सासूबाई कधीच्या गेल्या, पण त्यांची नक्कल करून मी आयुष्यभर बायकांना हसवलं होतं, ती आज कामाला लावू. केस मोकळे सोडले (होते तेवढे), डोळे फिरवले, घुमायला लागले, "हूंऽऽऽ!"

देवऋषी सळई विसरून हात जोडून उभा. "आई, कोण तू? काय पायजे?"

माझं वाक्य तयार होतं: पोरीला हात लावाल तर वाटोळं करीन. मी तोंड उघडलं... आणि वेगळंच ऐकू आलं. होय, ऐकू आलं. शेजारच्या खोलीत कुणी बोलावं आणि आपण भिंतीआडून ऐकावं, तसं.

"माणिका, चिन्नीला कुठं सोडून आलास रे? तहानलेली हाय ती. अजून माळावर बसलीय."

मला चिन्नी कोण, ठाऊक नाही! आमच्या घराण्यात या नावाची कुणी नाही. पण माणिकचं तोंड राखेसारखं झालं. त्याने शेगडीवर घागर ओतली.

"महाराज, सामान उचला."

"अहो, पण आतलं अजून..."

"उचला म्हणलं ना!"

संध्याकाळी तो माझ्यापाशी येऊन मान खाली घालून बोलला. लहानपणी तो आजोबांबरोबर मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असायचा. तेव्हा त्याच्या आत एक पोरगी होती, चिन्नी. कानडी गाणी म्हणायची, कुठली मेंढी विणार ते आधी सांगायची. एकदा घोंगडं पदरासारखं घेऊन तो नाचताना आजोबांनी बघितलं आणि चाबूक ओढला. "मी तिला माळावर बसवलं, माय. म्हणलं, हितंच ऱ्हा. परत वळून बघितलं न्हाई. हे नाव मी कधी तोंडातून काढलं न्हाई. तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं? मी खूप डोकं चालवलं. तापात बरळला असेल आणि मी ऐकलं असेल? पण त्या दिवसांत तो आजोबांपाशी रानात, मी इथे चुलीपाशी. रेणूला विचारलं; तिलाही ठाऊक नव्हतं.

राग मात्र अजून जात नाही. पोरगी शुद्धीवर राहून, हात जोडून, साध्या शब्दांत खरं सांगत होती, तर तिच्यासाठी सळई. म्हातारीने केस सोडून सोंग केलं, तर तिला नमस्कार! थू असल्या विश्वासावर.

रेणू आता हैदराबादला नोकरी करते, त्याच मुलीबरोबर राहते. माणिक तिच्याशी फार बोलत नाही, पण फोन केला की शेवटी विचारतो, "तिघं जेवलाव का?" आणि उन्हाळ्यात माळावर जाऊन तांब्याभर पाणी ओतून येतो. कुणी विचारलं तर म्हणतो, झाड लावलंय. झाड नाही तिथे.

हे टायपिंग मला रेणूनेच शिकवलं. हे सगळं वाचून म्हणाली, "आज्जी, तुझ्यात कोण हाय ते विचारलीस का कधी?"

विचारते. घरी कुणी नसलं की विचारते. उत्तर येत नाही. आता एकच संशय उरलाय... सासूबाई, तुम्हीच असाल तर सांगून टाका. तिखटाबद्दल जे काय बोलायचं ते बोला, ऐकून घेईन.