भाऊबीजेची घडीची सायकल

आमच्याकडं कुठलीही वस्तू घेताना माणूस आधी ती उचलून बघतो. कळशी असो, खोरं असो, नाहीतर विहिरीवरची मोटर. हाताला जड लागली की मान डोलवायची, हलकी लागली की दुकानदाराकडं चोराकडं बघावं तसं बघायचं. माझे वडील तसे, मीही तसाच. त्यात मी वीस वर्षं फौजेत गाड्या खोलल्या आणि जोडल्या, त्यामुळं गाडीतलं सगळं आपल्यालाच कळतं असा माज अंगात मुरलेला. त्या माजापायी थोरल्या बहिणीच्या हाताचं मी काय केलं, ते लिहून ठेवतोय. लिही म्हणून कुणी सांगितलेलं नाही.

मी साताऱ्यात राहतो, अक्का सांगलीत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. अक्का एकटी. कुपवाडच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात ती रबरी वॉशर तपासते. दिवसभर भिंगाखाली एकेक वॉशर चिमट्यानं धरायचा, फिरवायचा, बरा असला तर इकडं, चिरलेला असला तर तिकडं. सकाळी आठची पाळी. पगार काही फार नाही, पण त्या पगाराचा तिला लय अभिमान. मी कधी पैसे पुढं केले की म्हणायची, "ठेव रं तुझ्यापाशी. हात हायती अजून मला."

तिची स्कूटी पुरात गेली. पाणी पार्किंगमध्ये शिरलं आणि चार दिवस हललं नाही. नंतर मेकॅनिकनं इंजिन उघडलं, आतला गाळ बघितला आणि झाकण परत लावून टाकलं. तेव्हापासून कामावर जायला तिला दुसऱ्याचं तोंड बघायला लागायचं. शेजारची एक बाई मागं बसवून न्यायची, तर तिची पाळी बदलली. मग कधी माणसं कोंबून नेणारी वडापची रिक्षा, कधी पायी. दोन-तीनदा उशीर झाला, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सुनावलं. त्या दिवशी तिनं मला फोन केला.

"मला एक घडीची बॅटरीची सायकल बघ की रं. आमच्या कंपनीत एक साहेब आणतो. घडी घालतो, काखेत मारतो आन् जिना चढतो. पार्किंगात ठेवायची भानगडच न्हाई. पूर येऊ दे न्हाईतर चोर येऊ दे."

'काखेत मारतो' हे तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं फक्त 'घडीची बॅटरीची सायकल' एवढंच.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या दोन वर्षं आधी मिरजेला तिचं ऑपरेशन झालं होतं. घरात सगळ्यांनी सांगितलं, 'गाठ काढली.' कुठली, कुठं, काही नाही. आमच्याकडं भावानं बहिणीच्या असल्या दुखण्याचं पुढं विचारायचं नसतं आणि बहिणीनंही सांगायचं नसतं. माझी बायको आत तिच्या खाटेपाशी, मी बाहेर बाकड्यावर. डबे आणले, औषधं आणली, रक्त दिलं, कागदांच्या झेरॉक्स काढून फाइल लावली. डॉक्टर बोलायला बाहेर आले की मी दोन पावलं मागं सरकायचो आणि बायकोला पुढं करायचो. याला मी मर्यादा म्हणत होतो. चांगला भाऊ असाच असतो, असं मला मनापासून वाटत होतं.

तर साताऱ्यात मी सायकली बघायला लागलो. पेन्शनीत बसेल अशीच बघायची होती. एका दुकानात घडीच्या दोन उभ्या होत्या. एक ॲल्युमिनियमची, एवढीशी. दुकानदारानं तिची बॅटरी खटकन काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "ही घरात नेऊन चार्ज करायची. बाकीची सायकल बारा किलो." मी ती एका हातानं उचलली, हलवली, बिजागरी वाजवून बघितली आणि हसलो. म्हटलं, हे खेळणं हाय. दुसरी लोखंडी, काळी, जाड नळीची. सत्तावीस किलो. बॅटरी आतच कोंबलेली, काढायची सोयच नाही, म्हणजे चोरायचीही सोय नाही. उचलली तर कंबरेला कळलं. म्हटलं, ही खरी. आणि ती स्वस्तही होती. हलकीची किंमत जवळजवळ दीडपट. खरं सांगायचं तर मला पैसे वाचवायचे होते आणि त्या कद्रूपणाला मी भक्कमपणाचं नाव दिलं.

बायको म्हणाली, "आवं, आक्कांना एकदा दुकानात न्या की. त्यांना उचलून बघू दे."

"बायकांना गाडीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाई वो, त्यांच्या हाताचं म्हणत हुते मी..."

"मला शिकवू नगंस," मी म्हटलं. पुढं मी तिलाच म्हणालो की तू मला सांगितलं का नाहीस. त्यावर तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरणार नाही.

भाऊबीजेच्या दिवशी सायकल एसटीच्या डिकीत टाकून सांगलीला नेली. चढवताना कंडक्टर कण्हला, "काय फौजी, रणगाडा घेतला काय?" मला तेही कौतुकच वाटलं. अक्काच्या बिल्डिंगीत तर मी ती खांद्यावर मारली आणि तीन मजले एका दमात चढलो. शेजारपाजारचे दारात येऊन बघत होते. छाती फुगली होती माझी.

अक्कानं सायकलीला हळद-कुंकू लावलं, हँडलला फूल खोवलं. मग मला पाटावर बसवून, समोर बसून ओवाळायला लागली. ताट तिनं छातीच्या वर नेलंच नाही. अक्षता टाकायच्या वेळी म्हणाली, "मान खाली घाल की रं, ताडमाड वाढलायस." सगळे हसले. मी मान घातली. वाटलं, वय झालं हिचं.

नंतर चहा पिताना तिनं सायकलीकडं बघत हळूच विचारलं, "लय जड हाय का रं?"

"जड म्हंजे भक्कम," मी म्हटलं. "पुरात वाहून जायची न्हाई."

ती हसली. तिनं तो एकच प्रश्न विचारला होता आणि मी त्याच्यावर विनोद केला होता.

पुढचे चार महिने फोनवर माझं ठरलेलं, "सायकल कशी हाय?" तिचं ठरलेलं, "झ्याक हाय." कामावर आता पंधरा मिनिटं आधीच पोचते म्हणाली. मी चारचौघांत सांगायचो, बहिणीला सायकल घेऊन दिली, बघा कशी चाललीय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तो बैल आपलाच आहे हे माणसाला कळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला विट्यात एका जुन्या फौजी मित्राच्या पोराचं लग्न होतं. म्हटलं, एवढं आलोय तर सांगलीला जाऊन येऊ. अक्काला कळवलं नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बिल्डिंगीत शिरलो तर जिन्यात वरून आवाज येत होता. धप्प. मग थोडा वेळ काही नाही. परत धप्प. वाटलं कुणीतरी सिलिंडर चढवतंय. पहिल्या मजल्याच्या वळणावर मान वर केली आणि तिथंच थांबलो.

अक्का पायरीवर बसली होती, तोंड खाली, माझ्याकडं. जुन्या लुगड्याची पट्टी सायकलीच्या दांड्याला बांधून तिनं ती स्वतःच्या कंबरेला गुंडाळली होती. डाव्या हातानं कठडा धरायची, बूड एक पायरी वर सरकवायची, मग उजव्या हातानं हँडल ओढायची. धप्प. एक पायरी झाली. मग डोळे मिटून बसायची. तो उजवा हात मी बघितला. खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून टम्म. हातात बांगडी नव्हती. त्या बाजूच्या ब्लाउजची शिवण उसवून आत दुसरं कापड जोडलं होतं.

तिनं डोळे उघडले.

"कवा आलास?" म्हणाली. "थांब, पाणी देते."

मी काय बोललो ते मला लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी ओरडलो. "तोंड न्हाई का तुला? चार महिनं झ्याक हाय, झ्याक हाय! मला काय खुळा समजलीस?" सगळा जिना ऐकत होता. खरं तर मी माझ्यावरच ओरडत होतो, पण ऐकत ती होती.

ती उठली नाही. कंबरेची पट्टी सोडत म्हणाली, "भावाची ओवाळणी हाय ती. ओवाळणीला कुणी नाव ठेवतं व्हय रं? लोकांच्या भावानं साडी दिली तर रंग आवडला न्हाई म्हणून परत करत्यात का? आई असती तर तिनं थोबाड फोडलं असतं माझं."

"आन् हात? हाताचं कधी बोलली न्हाईस!"

"तुला काय सांगू?" ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "कुठं काय कापलंय ते तुला सांगू?"

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो आणि रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस, भर जिन्यात. सायकल आम्हा दोघांच्या मधे आडवी. ती डाव्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "आरं, गप. लोक बघत्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. या वेळी मी बाकड्यावर बसलो नाही. आत गेलो. डॉक्टरनी सांगितलं, स्तन काढताना काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या होत्या. त्यामुळं हातातलं पाणी उतरायची वाट तुटली. त्या हातानं ओझं ओढायचं नाही, टोचून घ्यायचं नाही, सूज दिसली की लगेच यायचं. हे सगळं घरी सोडतानाच्या कागदावर लिहिलेलं होतं. फाइल उघडून त्यांनी दाखवलं. तो कागद मी ओळखला. त्याची झेरॉक्स मीच काढून आणली होती, तीन प्रती. एकही वाचली नव्हती.

"सूज कमी होईल," डॉक्टर म्हणाले, "पण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

महिनाभर पट्ट्या, मालिश, सूज दाबायला घट्ट बाही. सूज निम्मी उतरली, तिथं अडली. चिमटा उजव्या हातात धरवेना. कामावर कधी येणार अशी कारखान्यातून विचारणा सुरू झाली, तेव्हा अक्कानं घरी बसून डाव्या हातानं साबुदाणे निवडायचा सराव केला. एकेक दाणा चिमट्यानं. पंधरा दिवसांत जमवलं. पहिल्यासारखा वेग नाही, पण नोकरी राहिली. कामावर जायला सायकल मात्र हवीच होती.

या वेळी सांगलीतल्या दुकानात गेलो, तिला घेऊन. दुकानदार वयस्कर, जैन, बोलायला सावकाश. तो सवयीनं माझ्याशी बोलायला लागला. मी म्हटलं, "माझ्याशी बोलू नका. यांच्याशी बोला." आणि हात मागं बांधून उभा राहिलो.

अक्का बावरली. पहिली सायकल तिनं डाव्या हातानं उचलली, ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत राहिलो. दुसरी उचलली.

"ही न्हाई जमायची," ती पुटपुटली. मग जरा मोठ्यानं, दुकानदाराला, "ही नगं. घडी घातल्यावर हँडल पायाला लागतंय." तिसरीची बॅटरी काढून बघितली. ती अडकत होती. "ही बी नगं." त्याआधी तिच्या तोंडून कुठल्या वस्तूला 'नगं' ऐकल्याचं मला आठवत नाही. चौथी घेऊन ती दुकानाच्या पायऱ्या उतरली, चढली, परत उतरली, परत चढली. घामेजली होती. उजवा हात पोटाशी धरलेला. "ही चालंल," म्हणाली.

साताऱ्याला बघून मी ज्याला खेळणं म्हणून हसलो होतो, तसलीच ती होती. निम्मे पैसे तिनं घातले, हट्टानं. "ओवाळणी न्हवं ही," म्हणाली. "म्हंजे काय बिघडलं तर मला बोलता येतं."

काळी सायकल मी साताऱ्याला आणली. दुधाला जातो तिच्यावरून. आमचं घर बैठं आहे, पण ओटा तीन पायऱ्यांचा. रोज ती उचलून वर ठेवतो आणि रोज कंबर बोलते. विकून टाका, असं बायको म्हणते. मी विकत नाही.

यंदाच्या भाऊबीजेला गेलो. नवी सायकल दाराआड घडी घालून उभी होती, चेनला ग्रीस लावलेलं, बॅटरी कोपऱ्यात चार्जिंगला. पाट मांडलेला. अक्कानं ताट घेतलं. ते तिच्या छातीपर्यंत आलं आणि थांबलं. तिनं सांगायच्या आत मी मान खाली घातली.

अक्षता पडल्या. मान खाली ठेवूनच मी विचारलं, जे तीन वर्षं विचारायला पाहिजे होतं.

"अक्का, हात दुखतो का?"

"व्हय," ती म्हणाली. "लय दुखतो."