अट माणसानेच सांगावी

दामोदर म्हात्रे सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या पेणमधल्या रामवाडीच्या घरी झाली, आणि दहा मिनिटांत त्यांनी मला घराबाहेर काढले! म्हणाले, "चप्पल घाल, जोह्याला जाऊ." मी रोह्याहून संगणकाची भाषा शिकायला आलेली, सरांनी नेऊन उभे केले ते आपल्या मेहुण्यांच्या तिथल्या कारखान्यातल्या गणपतींसमोर.

"मूर्ती कसली आहे, हे रंगाऱ्याला सांगावं लागतं का?"

"नाही. दिसतंच की."

"आतून वाळलीय का, ते दिसतं?"

"नाही."

"मग ते देणाऱ्यानं सांगायला हवं. झाली आपली भाषा!"

सर आयुष्यभर हेच काम करीत आले आहेत. त्यांनी घडवलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एखाद्या नावामागे आकडा आहे की अक्षरे, हे लिहावे लागत नाही. वापरावरून यंत्रच ते ताडते. मात्र कामाआधी काय खरे असले पाहिजे आणि कामानंतर काय हाती आले पाहिजे, हा करार माणसाने लिहायचा. त्यासाठी प्रोग्रॅमचे दोन भाग लिहिणाऱ्या दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने "मी तुला काय देईन" आणि दुसऱ्याने "मी काय परत करीन" हे मोठ्याने बोलायचे, मगच कीबोर्डला हात लावायचा. नवी मुले खुदुखुदु हसतात. सर हसू देतात, पण सुटका नाही.

तोंडाने फटकळ, अगदी मिरचीच! पण बाळंतपणात मला पेणला जाणे जमेना, तेव्हा हेच सर दर शनिवारी एसटीने रोह्याला येत. पिशवीत पोह्याचे पापड असत. पायाने पाळणा हलवत माझ्या चुका काढायचे, आणि बाळ रडले की म्हणायचे, "बघ गो, त्यालासुद्धा पटलं नाय!" ते दिवस आठवले की आजही मला भरून येते.

त्यांच्या कामाचा कस लागला तो रोह्याजवळच्या धाटावला, एका रसायनांच्या कंपनीत. टाक्या भरण्याचा जुना प्रोग्रॅम सरांच्या भाषेत आणायचा होता. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर भाषा प्रथमच खऱ्या कामाला लागणार होती. कंपनीने गळ घातली की अटी लिहायला आमच्याकडे वेळ नाही, त्याही यंत्रानेच जुन्या प्रोग्रॅमवरून ताडाव्यात. तशी सोय केली गेली. चाचणीच्या सकाळी यंत्राने निर्वाळा दिला, "कोणतीही अट मोडलेली नाही." सगळे खूश. सर तेवढे पडद्याला नाक लावून बसले.

"अट मोडेल कशी? अटच नाय इथं! टाकीत आधीचं काही उरलं असेल तर?"

जुना प्रोग्रॅम टाकी रिकामी आहे का हे न बघता तसाच वर ओतत असे, म्हणून यंत्राने धरून चालले होते की तेच बरोबर.

कंपनीचे साहेब वैतागले. "यंत्र पास म्हणतंय ना? मग खोडा कशाला घालताय? आज नाय झालं, तर विषय संपला."

"चोरालाच पंच केल्यावर तो सुटणारच," सर म्हणाले. "खाली माणसं उभी असतात, साहेब. मी नाय चालू करणार."

विषय खरेच संपला. आम्ही तोंडे पाडून बाहेर आलो. सरच म्हणाले, "चला, चहा तरी घेऊ."

पण पुढे सर पेणहून धाटावला येत राहिले. शिफ्ट सुटली की कामगारांना चहाच्या टपरीवर समोरासमोर बसवून अटी बोलून घ्यायचे. साहेबांनी ते पाहिले आणि वर्षभराने स्वतःच बोलावणे धाडले. त्याच अटी लिहून सरांच्या भाषेतला प्रोग्रॅम चालू झाला.

परवा मी रामवाडीला असताना धाटावहून एका कामगाराचा फोन आला. "सर, तुमचं मशीन टाकी भरू देत नाय! शिफ्ट अडकलीय."

"आधी माप घेऊन बघ," सर खेकसले.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. या वेळी आवाज अगदी हळू. "आधीच्या शिफ्टचा माल तसाच होता, सर. अर्धी टाकी. मी खालीच उभा होतो."

फोन ठेवून सरांनी चष्मा पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

सर, पंचाहत्तरी झाली म्हणून आम्ही तुम्हाला मोकळे सोडणार नाही. धाटावची माणसे शिफ्ट संपवून धडधाकट घरी जात राहोत, आणि त्यांच्यावर खेकसायला तुमचा आवाज असाच खणखणीत राहो.