गणपतीसमोर विचारलेली रजा
तेरड्याच्या ओल्या फुलांचा वास आला की मला वहिनीच आठवते. गणपतीचे दिवस होते, आरती आटोपून भजनवाले पडवीत चहा पीत होते आणि लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यांना माणसं पुरवणारा आमच्या वाडीतला ठेकेदार काका दर्शनाला आला होता. कामाचं बोलायला तो मुद्दाम हाच मुहूर्त धरायचा, कारण देवासमोर त्याला नाही कोण म्हणणार? वहिनीला नुकतेच दिवस गेले होते. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला कायम नोकरी मिळत होती, पण पगार बेताचा. "त्याच कामाचे मी दीडपट देतो," काका म्हणाला, "देवासमोर हो म्हण, सूनबाई." दादाही तिला डोळ्यांनी खुणावत होता, घे म्हणून. वहिनी म्हणाली, "मग काका, तुम्हीपण देवासमोरच सांगा. बाळंतपणाची पगारी रजा देणार? परत आल्यावर माझी जागा राहील?" "तू ये तर आधी, मग बघू." "बघू नको. हो की नाही?" पडवीतले भजनवाले कप घेऊन दाराशी आले. काकाने मूर्तीकडे पाहिलं, हातातला मोदक ताटलीत ठेवला आणि पुटपुटला, "नाय गो. तू तिकडेच जा." कायद्याने द्यायलाच हवं ते आपण देत नाही, एवढं कबूल करायला या माणसाला देव समोर लागला! आज मी कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटतो, घसा फोडून भाषणं करतो, पण इतकं सरळ विचारणं मला अजून साधलेलं नाही. वहिनी मात्र तेव्हा, पगारी रजा संपताच, सहा महिन्यांची लेक माझ्या आईच्या मांडीवर देऊन, कंपनीच्या बसने पुन्हा आपल्या जागेवर गेली.