एका बाटलीतली सोयरीक

रुग्णालयाच्या तळमजल्यावर काचेच्या कपाटात हात घालून मामी कर्करोगाची औषधं मापून भरायच्या, आणि जमेल तशा सोयरिकी जुळवायच्या. हा दुसरा उद्योग त्यांना कुणी सांगितला नव्हता. पण एका औषधाची बाटली इतकी महाग, की महिन्याचा पगार तिच्यात बुडावा. औषध द्यायचं रुग्णाच्या वजनाप्रमाणे, पैसे घ्यायचे अख्ख्या बाटलीचे, आणि उरलेलं संध्याकाळी फेकायचं. घरी दुधाची पिशवी उभी कापून विसळणाऱ्या बाईला हे कसं पचावं?

"शोध लावायला फार खर्च येतो हो," औषध कंपनीचा माणूस म्हणाला.

"मग उरलेला शोध कचऱ्यात का टाकायला लावता?"

मामी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागल्या, परवानगी काढली आणि जोड्या लावू लागल्या. दोघांनी एकाच दिवशी यायचं, एकच बाटली फोडायची, ज्याने त्याने आपापल्या मापाचे पैसे द्यायचे.

नवरा म्हणे, "मलाही वजन बघूनच पसंत केलंस का गं?"

"नाही. तेव्हा मला अक्कल नव्हती."

त्यांची लाडकी जोडी म्हणजे मास्तर आणि ताई. मास्तर गाडी चालवायला शिकवत. सुई टोचणाऱ्या नर्सलाही "जरा डावीकडून घ्या" म्हणत. ताई कपडे शिवायच्या, अंगाने काडी. दोघांत बाटली कशी चाटूनपुसून संपायची.

आणि पुढच्या डोसाआधीच्या तपासणीत मास्तरांचं वजन चार किलोंनी वाढलेलं निघालं.

"मास्तर, खाताय काय हल्ली?"

"भूक लागते, मामी. डॉक्टर खूश आहेत."

"त्यांचं काय जातंय. तुम्ही बरे व्हायला लागलात आणि माझी बाटली पुरेना."

ताई हळूच म्हणाल्या, "मला अख्खी घ्यायची तर मशीन विकावं लागेल. मग पुढच्या बाटलीला काय विकू?"

मास्तरांचं हसू मावळलं. "मी आठवडाभर उपाशी राहतो."

"खबरदार," मामी म्हणाल्या. "कमावलेलं वजन आहे ते."

मामींनी हेच औषध घेणाऱ्या सगळ्या रुग्णांची वजनं धुंडाळली आणि बेकरीवाल्या शेठना फोन लावला. शेठ भरल्या अंगाचे, सोमवारी एकटे येत, कुणाशी बोलत नसत.

"शेठ, गुरुवारी याल का? दोन बाटल्यांत तिघं बसवायचेत."

"माझी बाटली मी एकटा संपवतो."

"तळाशी उरतं. पैसे तुम्हीच भरता त्याचे."

"असं किती उरतं?"

"एका मास्तरांच्या चार किलोंना पुरेल इतकं."

फोनमध्ये भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. "पहाटेची भट्टी उरकून येतो. पण गप्पा मारणार नाही."

गुरुवारी तिघांचं मिळून दोन बाटल्यांत बसलं. तळाशी उरलं ते मुंगीच्या आंघोळीपुरतं. समाधानाने हातमोजे काढताना मामींना पावाचा खमंग वास आला. त्या बाहेर धावल्या. शेठ मास्तरांशी गाडीच्या ब्रेकवरून तावातावाने भांडत होते, आणि मधोमध गरम पावांची पिशवी उघडी.

मामींनी पिशवी उचलून ताईंच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही खा. तुम्हाला अजून जागा आहे."

"आणि आम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही दोघं वास घ्या," मामी म्हणाल्या, आणि ताई भरल्या तर जोडीला चौथं वजन कुठे मिळेल याचा विचार करत आत गेल्या.